इंजिनाचा पिवळा दिवा आणि त्याची साक्ष

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव धानाच्या पट्ट्यात असले, तरी त्याची ओळख रस्त्यांनी घडवली आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, येथून जातो. गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारा रस्ता येथे त्याला मिळतो आणि नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडचा रस्ता येथूनच फुटतो. तालुक्याच्या नावातच ‘सडक’ आहे, आणि त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या अर्जुनीपासून तो वेगळा ओळखला जातो तोही त्या शब्दामुळेच. अशा फाट्यावर ट्रक, एसटी, जीप आणि दुचाकी अशा सगळ्याच जातींच्या गाड्या थांबतात. त्यांपैकी १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक पेट्रोल गाडीच्या धूरनळीत एक छोटा रासायनिक कारखाना आणि त्याचा निदान एक पहारेकरी बसवलेला असतो. कारखान्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पहारेकऱ्याचे ऑक्सिजन सेन्सर. दोघांच्या कामात बिघाड आढळला की मीटरपाटीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ किलो पेट्रोलामागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि आवश्यक हवा यांच्या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. ते १ असेल तर मिश्रण बरोबर, त्याखाली गेले तर पेट्रोल जास्त, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘रिच’, आणि वर गेले तर हवा जास्त, म्हणजे ‘लीन’. मिश्रण रिच असताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. उलट बाजूला नायट्रोजनची ऑक्साइडे कन्व्हर्टरला निकालात काढता येत नाहीत, कारण त्यांच्यातील ऑक्सिजन काढून घेण्याचे काम धुरात मोकळा ऑक्सिजन उरला की मंदावते. तिन्ही विषारी घटक एकाच वेळी आटोक्यात येतील असा पट्टा लॅम्डा १ च्या अगदी आसपासचा, अतिशय अरुंद असतो. एवढ्या अचूक मापाने पेट्रोल सोडणे कार्ब्युरेटरला जमत नव्हते, आणि म्हणूनच सेन्सरची गरज निर्माण झाली.

हा सेन्सर हातात घेतला तर स्पार्क प्लगच्या मोठ्या भावासारखा दिसतो. त्याच्या टोकाला छिद्रे पाडलेल्या टोपीआड झिर्कोनिया या मातीकामाच्या पदार्थाची अंगठ्याच्या टोपणासारखी पोकळ नळी असते आणि तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. बाहेरच्या अंगाला धूर आणि आतल्या अंगाला मोकळी हवा. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकाचे रूपांतर विजेच्या दाबात होते. हा हिशेब मांडणारे समीकरण जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांच्या नावाने ओळखले जाते. मिश्रण रिच असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, लीन असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट मिळतात, आणि इंजिनाचा संगणक हा आकडा पाहून पेट्रोल क्षणाक्षणाला कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरचा आकडा स्थिर राहत नाही, सतत वरखाली हेलकावत असतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेसाठीच्या गाड्यांत प्रथम आला. जाणता मेकॅनिक काढलेल्या सेन्सरचे टोक आधी पाहतो: त्यावर काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, आणि पांढरा खडूसारखा थर असेल तर चुकीचे सिलिकॉन किंवा कूलंट ज्वलनकक्षात पोहोचले आहे.

कन्व्हर्टर म्हणजे पोलादी डब्यात बसवलेली, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक उभ्या नळ्यांची जाळी. तिच्यावरच्या खडबडीत ॲल्युमिनाच्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम हे धातू अत्यल्प प्रमाणात पेरलेले असतात; पहिले दोन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळून टाकतात, तर रोडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन करतो. लेपातील सेरिया हा पदार्थ ऑक्सिजन साठवतो आणि गरज पडेल तेव्हा सोडतो, धान्याच्या कणगीसारखा. या यंत्राचा पाया फ्रेंच अभियंते यूजीन हूद्री यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत घातला, पण ते सर्रास वापरात आले ते १९७५ च्या अमेरिकी गाड्यांपासून, कारण पेट्रोलमधील शिसे जाळीवर बसून तिला निकामी करत असे आणि शिसे काढल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसेविरहित पेट्रोलही आधी तेथेच आले. देशभर ते २००० साली पोहोचले. मधल्या पाच वर्षांत मुंबईची नवी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेल्याने वाटेत शिसेयुक्त पेट्रोल भरले, तर काही टाक्यांतच त्याची जाळी मरत असे. पण तेव्हा मीटरपाटीवर ते सांगणारा दिवाच नव्हता.

दिवा लावायचे संगणक कसे ठरवतो, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक गैरसमज येथेच होतात. मोटारींत कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात. पहिल्याचा आकडा हेलकावतो; सेरियाची कणगी शाबूत असेल तर दुसऱ्याचा जवळजवळ संथ राहतो. दुसराही पहिल्याची नक्कल करू लागला की ऑक्सिजन साठवण्याची क्षमता संपली, असा निष्कर्ष संगणक काढतो, पी०४२० हा सांकेतिक क्रमांक नोंदवतो आणि दिवा लावतो. हा क्रमांक फक्त लक्षण सांगतो, रोग नव्हे. मिश्रण बिघडल्याचा कोड निघाला की सेन्सर बदलण्याची घाई होते, पण तो बहुधा साक्षीदार असतो, आरोपी नाही. पहिल्या सेन्सरच्या आधी धूरनळीला चीर गेली असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर प्रामाणिकपणे ‘लीन’ सांगतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. धानाची कापणी झाली की उंदीर उभ्या गाडीच्या इंजिनात आसरा घेतात आणि सेन्सरच्या तारा कुरतडतात. तेथेही दोष सेन्सरवर ढकलला जातो. दिवा घालवण्यासाठी बॅटरीची तार काढून पुन्हा लावण्याचा जो उपाय सांगितला जातो, त्याने नोंद पुसली जाते, कारण जात नाही, आणि काही फेऱ्यांनंतर दिवा परत येतो. दिवा स्थिर असेल तर सावकाश तपासणी चालते. लुकलुकत असेल, तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये ‘मिसिंग’ आहे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत आहे आणि जाळी वितळण्याच्या वाटेवर आहे. बंद पडलेली गाडी वारंवार धक्का मारून चालू करणे याच कारणाने महागात पडते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनंतर दुचाकीलाही इंजेक्शन, सेन्सर आणि पिवळा दिवा आला. खेड्यापाड्यातील मेकॅनिकच्या दृष्टीने बदल येथेच सर्वांत मोठा झाला. कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू अर्धा वळसा फिरवून, इंजिनाचा आवाज ऐकून तो मिश्रण जुळवत असे. आता तोच स्क्रू संगणकाच्या हाती गेला असून निदानासाठी स्कॅनर लावावा लागतो. इंजिनाचा आवाज ओळखणारा कान निरुपयोगी झाला असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल, कारण कोणत्या कोडवर किती विश्वास ठेवायचा, हे स्कॅनर सांगत नाही.

महामार्गावरच्या ट्रकचा हिशेब वेगळा आहे. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन नेहमीच जास्त असतो, त्यामुळे तिन्ही घटक एकाच वेळी हाताळणारा पेट्रोलचा कन्व्हर्टर तेथे चालत नाही आणि नायट्रोजनची ऑक्साइडे घालवण्यासाठी बहुतेक मोठ्या ट्रकांत धुरात युरियाचे द्रावण फवारावे लागते. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षारमुक्त पाणी असे असते आणि बादलीतून विकत मिळते. ट्रकवाले त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात. धानाच्या गावात हा शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खताची पोती येतात, पण शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतला, तर फवाऱ्याचे तोंड बुजते आणि महागडी जाळी खराब होते. द्रावण संपल्याचा इशारा दुर्लक्षित राहिला, तर संगणक इंजिनाची ताकदच कमी करतो. ओझ्याने भरलेला ट्रक चढावावर तेव्हा रांगू लागतो.

मौल्यवान धातूंमुळे कन्व्हर्टरच्या डब्याचा चोरांनाही शोध लागला आहे. छोट्या व्हॅनच्या सायलेन्सरची चोरी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी नोंदली गेली, आणि जाळी फोडून काढलेल्या भुकटीला त्या व्यवहारात ‘माती’ म्हणतात. कोहमाऱ्यापासून नवेगावबांधच्या जंगलाकडे वळणाऱ्या गाड्यांपुढे प्रश्न दुसराच आहे. कन्व्हर्टर चालत्या गाडीत काही शे अंशांपर्यंत तापतो आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो. एप्रिल-मे महिन्यांत सागाची पाने वाळून रस्त्याच्या कडेला पायाच्या घोट्यापर्यंत साचतात, आणि सावली पाहून तेथे गाडी उभी केली, तर तो डबा त्या पानांना अगदी जवळ येतो. धुरातील ऑक्सिजनचा कमीजास्तपणा टिपणारे दोन सेन्सर त्या डब्याच्या दोन्ही तोंडांना असतात. खालच्या पाचोळ्यासाठी मात्र एकही नसतो.