कपिलधारची दरी आणि चकतीचा खेळ

बीडहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग बिंदुसरेच्या खोऱ्यातील सपाट राने ओलांडून पुढे सरकला, की थोड्याच वेळात बालाघाटाचे डोंगर त्याच्यासमोर उभे राहतात. घाट चढून मांजरसुंब्याच्या चौरस्त्यावर पोहोचलेला प्रवासी बहुधा तेथील प्रसिद्ध रबडीची चव घेऊन केज, पाटोदा किंवा धाराशिव यांपैकी आपल्या वाटेला लागतो, आणि ज्या डोंगररांगेतून आपण नुकतेच वर आलो तिच्याच एका घडीत, बीड शहरापासून वीस किलोमीटरांच्या आतबाहेर, कपिलधार नावाची एक सुंदर दरी आहे, याची त्याला वार्ताही नसते. ज्यांना ती असते त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात या स्थळाची दोनच चित्रे असतात: एक कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेचे आणि दुसरे पावसाळ्यातील धबधब्याचे. दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु यात्रेचे दिवस आणि धबधब्याचे आठवडे वगळून उरणाऱ्या वर्षात ही दरी, तिचे उतार आणि तिची झाडी यांचा विचार कोणी फारसा करीत नाही, आणि तोच मला येथे करावयाचा आहे.

कपिलधारचे माहात्म्य प्रथम मन्मथस्वामींचे. वीरशैव परंपरेतील या संतांची समाधी या दरीच्या कुशीत आहे, आणि ‘परमरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ मराठवाड्यातील अनेक लिंगायत घरांत आजही श्रद्धेने पारायणाला बसविला जातो. धर्मतत्त्व मराठीत आणि तेही ओवीत सांगावयाचे, हा जो मार्ग ज्ञानदेवांनी रूढ केला होता, त्याच मार्गाने वीरशैव मताचा विचार सामान्य रयतेच्या उंबऱ्यापर्यंत नेण्याचे कार्य या सत्पुरुषाने केले. म्हणूनच भाविक त्यांना मन्मथ माऊली म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास लातूर, नांदेड, परभणी या जिल्ह्यांतून आणि सरहद्दीपलीकडच्या गावांतूनही दिंड्या पायी चालत येथे येतात. मुक्काम करीत, भजने गात, शेताच्या बांधावरून आणि डांबरी रस्त्यावरून कित्येक दिवस चाललेली ही पावले शेवटी जेव्हा डोंगराचा उतार उतरून दरीत येतात, तेव्हा भूमीच्या चढउताराशी माणसाचे नाते पायांनीच जुळते, हे कोणालाही निराळे सांगावे लागत नाही. स्थळाचे नाव कपिलमुनींशी जोडले जाते. त्यांनी येथे तप केले, अशी श्रद्धा परंपरेने सांभाळली आहे.

आता भूमीकडे पाहावे. बालाघाट हा दख्खनच्या पठाराचाच एक बाहू असून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून पसरलेल्या लाव्हाच्या थरांवर थर बसून तो घडला आहे. या थरांपैकी काही घट्ट व कठीण, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ असतात. पाणी ठिसूळ थर लवकर खाते आणि कठीण थर तसाच पुढे आलेला राहतो, म्हणून येथील डोंगर एकसारखे उतरत नाहीत, तर सपाटी, मग कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा घसरण अशा क्रमाने पायरीपायरीने खाली येतात. कपिलधारचा धबधबा हेही अशाच एका कठीण पायरीचे दान आहे. जिल्हा पर्जन्यछायेतला, वर्षाकाठी पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही लहरी, त्यामुळे ही धार बारमाही नाही, आणि ती वाहते त्या दिवसांत तिची अपूर्वाई द्विगुणित होते. डोंगरावरील झाडी शुष्क पानझडी जातीची: कडुनिंब, पळस, बाभूळ, बोर, धावडा, आणि मुरमाड उतारावर आपोआप फोफावणारी सीताफळे. बालाघाटाच्या या सीताफळांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन नव्हते तेव्हाही आश्विनात डोंगरातून पाट्या भरभरून फळ उतरत होतेच. जवळच पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे, आणि मोराचा केकारव या साऱ्या टापूत अनोळखी नाही. उन्हाळ्यात हीच झाडी निष्पर्ण होऊन डोंगराची हाडे उघडी पडतात. मला ते रूपही तितकेच मोलाचे वाटते, कारण जमिनीचा खरा आकार त्या वेळी दिसतो.

हा आकार पाहत असता ज्या खेळाची आठवण होते तो आपल्याकडे अद्याप फारसा परिचित नाही. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्ये चेंडू व काठी असते. येथे तळहातापेक्षा थोडी मोठी, साधारण एकवीस सेंटीमीटर व्यासाची प्लास्टिकची चकती असते आणि ती हाताने फेकावयाची असते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक. चकती जेथे पडेल तेथून दुसरी. आणि अशा रीतीने, शक्य तितक्या कमी फेकींत, खांबाला लोंबत्या साखळ्या आणि खाली टोपली अशी रचना असलेल्या लक्ष्यात ती पोहोचवावयाची, की एक टप्पा पुरा. साखळ्या चकतीचा वेग शोषून घेतात आणि ती टोपलीत पडते. ही रचना एड हेड्रिक या अमेरिकन गृहस्थाने सिद्ध केली. तिचे पेटंट १९७७ चे. त्याच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातील ला कन्याडा येथील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले गेले आणि पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना स्थापन झाली. आज जगभर अशी हजारो मैदाने आहेत.

मैदान हा शब्द मात्र येथे फसवा आहे, कारण या खेळाला सपाटीची गरजच नाही. गोल्फसाठी जमीन समतल करावी लागते, हिरवळ पाण्याने जोपासावी लागते, आणि पाण्याच्या दुर्भिक्ष्याने गांजलेल्या आपल्या जिल्ह्यात तो खर्च मनाला पटणारा नाही. डिस्क गोल्फला डोंगर आहे तसाच हवा असतो. झाड तोडावयाचे नाही, दगड हलवावयाचा नाही, उतार कापावयाचा नाही, उलट तेच खेळातले प्रतिस्पर्धी. कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळ डी लाव्हियागा नावाचे असेच डोंगरी व दाट झाडीचे मैदान आहे. तेथील सत्ताविसाव्या टप्प्याला जगाचा माथा असे नाव पडले आहे, कारण तेथून चकती दरीच्या उतारावर सोडावयाची असते आणि पुढे सारा समुद्र डोळ्यांसमोर असतो. चढाच्या आणि झाडीच्या मैदानांवर खेळणे म्हणजे काय, हे समजावयाचे तर असे एक मैदान मनात धरून चकतीचे वर्तन लक्षात घ्यावे लागते.

चकती हवेवर तरंगते आणि स्वतःभोवती फिरते, म्हणूनच ती सरळ जाते. लहानपणी तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी फेकून ती उसळवत नेण्याचा जो कैफ आपण अनुभवला, त्याच्या जवळचेच हे सुख आहे. तथापि फेकीचा वेग उतरू लागला की चकती एका बाजूला कलते: उजव्या हाताने पाठीकडून सोडलेली चकती अखेरीस डावीकडे वळते. सपाटीवर हे वळण मोजून खेळता येते. डोंगरात मात्र हिशेब बदलतो. चढाकडे फेकताना नवखा माणूस चकतीचे तोंड वर उचलतो, तेव्हा ती हवेत उभी राहते, वेग हरवते आणि पायाशीच येऊन पडते. तोंड न उचलता संपूर्ण फेक उताराला समांतर ठेवणे हेच खरे कौशल्य आहे. उताराकडे फेकताना उलट घडते: भूमी खालून दूर सरत असल्याने चकती अधिक काळ हवेत राहते, त्यामुळे वाऱ्याला आणि शेवटच्या वळणाला तिच्यावर काम करण्यास अधिक अवसर मिळतो, आणि थोड्या चुकीचे रूपांतर मोठ्या भटकंतीत होते. आणखी एक संकट म्हणजे कडेवर पडलेली चकती चाकासारखी घरंगळू लागते. तीव्र उतारावर लक्ष्यापासून दोन हात अंतरावर आलेला डाव तीसचाळीस पावले खाली गेलेला पाहावा लागतो. म्हणून जाणते खेळाडू उतारावरील टोपलीजवळ धाडस टाळतात. झाडीत तर नियम आणखी कठोर: दोन बुंध्यांमधली फट ओळखून तिच्यातून कमी उंचीची, सरळ, बेताची फेक करावी, दूर फेकण्याचा मोह आवरावा. चकती पडली तेथे छोटी खूण ठेवून तिच्यामागे अवघ्या वीस सेंटीमीटर रुंद व तीस सेंटीमीटर लांब जागेत आधाराचा पाय ठेवूनच पुढची फेक करावी लागते, मग समोर बाभळीची फांदी असो की खडक. आणि वाटेवर कोणी पादचारी असेल तर तो पुढे गेल्याखेरीज हात उचलावयाचा नाही, हा सभ्यतेचा दंडक सर्वत्र पाळला जातो.

कपिलधारच्या परिसरातील डोंगर या खेळासाठीच घडले आहेत, असे त्या पायऱ्या पाहून वाटते: कड्यामागची सपाटी ही फेकीची जागा, मधली घसरण हा प्रश्न, आणि खालच्या पायरीवरील कडुनिंबाच्या सावलीतली टोपली हे उत्तर. आज येथे असे मैदान नाही. ते व्हावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि ती सांगताना मला काही मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगावयाच्या आहेत. समाधिमंदिर, त्याचा परिसर, धबधबा आणि त्याचे पात्र यांच्या हद्दीत चकतीची सावलीही पडता कामा नये; क्षेत्राचे पावित्र्य हा त्याचा पहिला हक्क आहे. वनविभागाच्या हद्दीत परवानगीवाचून पाऊल टाकू नये, आणि उरते ती गायरानासारखी सामाईक जमीन, तिचा दाखला सातबाऱ्यात व गावाच्या नकाशात नीट तपासून, ग्रामस्थांच्या संमतीनेच पुढे जावे. पहिल्या पावसाने भिजलेला मुरूम निसटतो, म्हणून आषाढात उभे उतार टाळावेत. सीताफळाच्या हंगामात ज्यांचे पोट त्या झाडांवर आहे त्यांच्या वाटेत खेळाडूंनी येऊ नये. मोरांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, दाट झाडीचे टप्पे बंदच ठेवावेत. या साऱ्या अटींनंतर सोयीचे उरतात ते कार्तिकी यात्रेनंतरचे महिने, मार्गशीर्ष ते फाल्गुन: हवा थंड, वारा साधारण शांत, पायवाटा कोरड्या, आणि दिवस खेळण्यापुरता मोठा.

हे सारे थोड्या खर्चात होण्यासारखे आहे. नऊ टप्प्यांचे लहान मैदान आखावयास नऊ टोपल्या लागतात. त्या येथील लोहारकाम करणाऱ्या कोणाही वर्कशॉपात लोखंडी नळी व साखळीपासून तयार होतील, आणि सुरुवातीला तर खांबाला बांधलेल्या दोरीचे चिन्हही पुरते, कारण हेड्रिकच्या पहिल्या मैदानावरही आरंभी साधे खांबच लक्ष्य म्हणून उभे होते. मांजरसुंब्याच्या आसपासच्या शाळांतील मुले, ज्यांचे हात आधीच गोफण आणि लगोरीचे संस्कार घेऊन आले आहेत, त्यांना ही चकती फेकणे शिकविण्यास एक दुपार पुरेल. बीडच्या महाविद्यालयांतील मुलामुलींना सुटीच्या दिवशी येथवर येणे कठीण नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या आधीचा व नंतरचा आठवडा मात्र टोपल्या उचलून ठेवाव्यात, कारण त्या दिवसांत हे डोंगर दिंड्यांचे असतात, आणि पायी येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी ती सपाटी मोकळी लागते.