विश्लेषण : किल्ट तोच, पण वर जॅकेट कोणते? बर्न्स सपरला जाताना...

स्कॉटलंडमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांपैकी अनेकांना जानेवारीत ‘बर्न्स सपर’चे बोलावणे येते. कधी विद्यापीठाकडून, कधी कंपनीकडून, कधी मित्राच्या घरून. निमंत्रणाच्या तळाशी पोशाखाची एक ओळ असते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. किल्ट भाड्याने मिळतो, हे ठाऊक असते. पण त्यावर काय घालायचे?

बर्न्स सपर काय आहे?

रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा राष्ट्रकवी मानला जातो. त्याचा जन्म २५ जानेवारी १७५९ चा, अ‍ॅलोवे गावचा. १७९६ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला. पाच वर्षांनी, १८०१ मध्ये त्याचे मित्र त्याच्या जन्मघरी जेवायला जमले आणि तिथून ही प्रथा पडली. आता ती जयंतीच्या आसपास पाळतात. बॅगपाइप वाजवत हॅगिस टेबलावर आणले जाते, त्यावरची बर्न्सची कविता म्हणत ते सुरीने कापतात, मग भाषणे, व्हिस्की, गाणी. हॅगिस म्हणजे मेंढीचे हृदय, काळीज, फुप्फुस यांत ओट, कांदा, चरबी आणि मसाला घालून शिजवलेला पदार्थ. वजडी खाणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळते.

गंमत अशी की किल्ट हा उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँडचा पोशाख आणि बर्न्स दक्षिणेकडच्या लोलँडचा शेतकरी. प्रसिद्ध चित्रात तो कोट-वेस्टकोटमध्येच दिसतो.

आधी काय ठरवायचे?

जॅकेट. पुष्कळ जण टार्टनच्या, म्हणजे चौकड्यांच्या रंगावर तासन्‌तास घालवतात. ते व्यर्थ आहे. किल्ट दिवसा, रात्री, लग्नात, जेवणाला तोच चालतो. प्रसंग किती औपचारिक हे सांगतात ते जॅकेट आणि कमरेला पुढे लटकणारे पाकीट, म्हणजे ‘स्पोरन’.

निमंत्रणात ‘ब्लॅक टाय’ लिहिले असेल तर ‘प्रिन्स चार्ली’ जॅकेट. ते आखूड असते, मागे दोन छोट्या शेपट्या, चकचकीत कॉलर, चंदेरी बटणे. त्याच्या आत तीन बटणांचा वेस्टकोट, पांढरा शर्ट, काळा बो टाय. ते पुढे बंद करायचे नसते, उघडेच ठेवायचे. नाव अठराव्या शतकातल्या राजपुत्राचे असले तरी हे जॅकेट विसाव्या शतकातले आहे.

‘लाउंज सूट’ असे लिहिले असेल, किंवा काहीच लिहिले नसेल, तर ‘अर्गाइल’ जॅकेट घ्या. ते साध्या कोटासारखे, पण किल्टवर बसावे म्हणून आखूड कापलेले असते. लांब टायबरोबर ते दिवसा शोभते. काळे, चंदेरी बटणांचे अर्गाइल बो टाय लावून ब्लॅक टायलाही चालते. त्यामुळे एकच जॅकेट घ्यायचे असेल तर आमच्या मते हेच घ्यावे. प्रिन्स चार्लीवर लांब टाय लावलेले पुष्कळ दिसतात, पण जाणकार त्यावर नाक मुरडतात.

स्पोरन, मोजे, बूट?

जॅकेट ठरले की पुढचे आपोआप ठरते. प्रिन्स चार्लीबरोबर वर चंदेरी पट्टी आणि पुढे केसाळ कातडे असलेला ‘ड्रेस स्पोरन’. ट्वीडच्या किंवा साध्या जॅकेटबरोबर निव्वळ चामड्याचा. वेस्टकोट घातला असेल तर पट्टा लावत नाहीत. भाड्याच्या संचात बहुधा पांढरे लोकरी मोजे येतात. ते चुकीचे नाहीत, पण टार्टनमधल्या एखाद्या गडद रंगाचे मोजे मागितले तर अधिक बरे दिसते. मोज्याची घडी गुडघ्याच्या थोडी खाली हवी. लांब नाड्यांचे ‘गिली ब्रोग’ नसतील तर पॉलिश केलेले काळे बूट पुरेत.

नेसताना नेमके कुठे चुकते?

किल्टला साधारण आठ वार कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा एक वार कमी. जुना मोठा किल्ट तर न शिवलेलाच असे. चुण्या घालून, पट्ट्याने बांधून नेसायचा. आज चुण्या शिवलेल्या असतात, त्या मागे येतात आणि सपाट भाग पुढे. जीन्सची सवय असलेले तरुण तो कमरेच्या हाडावर बांधतात आणि तो गुडघ्याखाली लोंबतो. किल्ट बेंबीच्या पातळीवर बांधायचा आणि त्याची कड गुडघ्याच्या वाटीपर्यंत यायला हवी. दुकानात माप देताना पँटचा आकडा सांगू नका, बेंबीवरून टेप लावायला सांगा. उजव्या खालच्या कोपऱ्यातली पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांतून घातली तर चालताना कापड ताणून फाटते. आणि आत काय घालायचे, या जगप्रसिद्ध प्रश्नाचे भाड्याच्या किल्टपुरते उत्तर सोपे आहे : घाला.

देशपांड्यांनी कोणता टार्टन घालावा?

आवडेल तो. टार्टन घराण्यांना वाटून दिलेले आहेत, ही समजूत बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. कलोडेनच्या पराभवानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने सोहळ्यात टार्टनची रेलचेल केली. राजाने स्वतः किल्ट घातला, खाली अंगाच्या रंगाचे घट्ट मोजे चढवून. आजही ब्रिटिश राजघराण्याचा ‘बाल्मोरल’ वगळता फारसे काही निषिद्ध नाही. ‘ब्लॅक वॉच’ हा निळा-हिरवा टार्टन कोणालाही चालतो आणि भाड्याने सहज मिळतो.

किल्ट नकोच असेल तर?

अनेक निमंत्रणांत ‘किंवा राष्ट्रीय पोशाख’ असे लिहिलेले असते. तिथे बंदगळा पूर्ण मान्य. नसेल लिहिले तर यजमानाला विचारून घ्या. स्त्रियांनी साडी नेसावी. हौस असेल तर खांद्यावर टार्टनची पट्टी घेता येते.

मोज्यातल्या सुरीचे काय?

‘स्कीन डू’ ही छोटी सुरी उजव्या मोज्यात, फक्त मूठ दिसेल अशी खोचतात. स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगणे गुन्हा आहे, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ते बाळगले असेल तर तो बचाव धरला जातो. तरी सभागृह किंवा पब दारातच अडवू शकतो. म्हणून भाड्याच्या संचात अनेकदा पाते नसलेली, नुसती मूठ असते, तीच घ्यावी. विकत घेतलेली खरी सुरी भारतात आणायची असेल तर ती हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानात टाका.