सत्याऐंशीपट लहान जोगेश्वरी

मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा सव्वातीन मीटरचा, युरोपातला बहुतेक तीन मीटरच्या आतला. रोजच्या प्रवाशाला हा फरक कधी जाणवत नाही, कारण डबा कितीही रुंद असला तरी त्याच्या वाट्याला येणारी जागा तेवढीच. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्याला मात्र हाच फरक पहिल्या पावलावर अडवतो. जर्मनीत किंवा इंग्लंडात बनलेला तयार डबा आणला, वर आपला रंग चढवला आणि झाली चर्चगेट-विरार लोकल, असं होत नाही. शेजारी खरी लोकल ठाऊक असलेला माणूस उभा असेल तर तो बघताक्षणी म्हणतो, "ही अशक्त दिसतेय."

म्हणून आपल्याकडे या छंदाची सुरुवात मोजपट्टीने होते. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीचा जन्म १८५९चा. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीच्या खेळण्यातल्या गाड्या १९२० पासून बाजारात आल्या. तिथल्या मुलाला वाढदिवसाला खोका मिळतो आणि त्यात त्याच्याच गावावरून जाणारी गाडी असते. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटी टॉईजची प्लास्टिकची गाडी मिळते. खेळणं म्हणून ती छान आहे, पण छांदिष्टांच्या लेखी तो कच्चा माल. आणल्या आणल्या ती उघडायची, आत बोटाच्या पेराएवढी एन-ट्वेंटी मोटर बसवायची आणि चाकं बदलायची. बाकी सगळं घरी.

जागेचा हिशेब

मॉडेल रेल्वेत जगभर सर्वांत रुळलेलं माप एचओ, म्हणजे १:८७. या मापात लोकलचा डबा ४२ मिलिमीटर रुंद होतो. मूळ डबा साधारण २०.७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २३८ मिलिमीटरचं. बारा डब्यांची गाडी लावली की २ मीटर ८६ सेंटिमीटर. फलाट त्याहून थोडा मोठा हवा. आमच्या जोगेश्वरीतल्या घरात सर्वांत लांब भिंत तीन मीटरची आहे आणि तिच्यात दार आहे.

एन स्केल, म्हणजे १:१६० घेतलं तर तीच गाडी दीड मीटरच्या जरा पुढे संपते. पण मग खिडकीचे गज, दारातला मधला दांडा, आतल्या कड्या हे सगळं डोळ्याला दिसेनासं होतं. लोकलची ओळख तर त्यातच आहे. त्यामुळे मी एचओ धरलं आणि जोगेश्वरी स्टेशनचा फलाट कापला. लांबीत चार डबेच दिसतात. उत्तरेकडच्या टोकाला पादचारी पूल आडवा येतो, दक्षिणेकडे एका इमारतीची मागची भिंत. गाडी पुलाखालून येते आणि भिंतीआड जाते. उरलेले आठ डबे बघणारा स्वतःच जोडून घेतो.

बोर्ड दोन तुकड्यांत आहे आणि दिवाणाखाली सरकतो. त्याची चौकट जुन्या कपाटाच्या सागवानी फळ्यांची. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात असं लाकूड मिळतं. अनेक पावसाळे काढून ते आता वाकायचं थांबलेलं असतं. नव्या प्लायला जुलैत पोट येतं, आणि बोर्ड एक मिलिमीटर उचलला तरी सांध्यावर गाडी घसरते.

साडेपाच फुटांचा पेच

आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटर. साडेसोळाला ८७ ने गुणा, १४३५ येतात. तो युरोप-अमेरिकेचा गेज. आपला खरा ब्रॉडगेज या मापात करायचा तर दोन रुळांत १९.३ मिलिमीटर अंतर हवं, आणि तसा रूळ तयार मिळत नाही.

यातून वाटा तीन. पहिली, डबा बरोबर ठेवायचा आणि रूळ अरुंद चालवून घ्यायचा. त्यात गाडी समोरून काठीवर उभ्या केलेल्या बाहुलीसारखी दिसते. दुसरी, रूळ बरोबर मानून सगळं १:१०२च्या आसपास लहान करायचं. मग गेज जमतो, पण बाजारातली माणसं, मोटारी, झाडं सगळी डब्यापेक्षा थोराड होतात. तिसरी वाट तपस्व्यांची. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापायच्या, त्यांवर रूळ सोल्डर करायचे, प्रत्येक चाकाचा आस रुंद करायचा आणि सांधे हाताने घासून बसवायचे.

मी पहिली वाट घेतली, आणि ती आळसाने घेतली नाही. लोकलचा फलाट उंच असतो. गाडी त्याला लागली की चाकं आणि रूळ जवळजवळ झाकले जातात. खोटेपणा करायचाच आहे तर तो नजर पोचत नाही तिथे करावा. मोकळ्या भागात मात्र स्लीपर आपल्या मापाचे टाकले. आपला काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटर लांब आणि किलोमीटरला १६६०. म्हणजे मॉडेलच्या एका मीटरला १४४ तुकडे, प्रत्येक साडेएकतीस मिलिमीटरचा. मालिका बघता बघता होणारं हे काम आहे. स्लीपर लांब आणि दाट पडले की डोळा फसतो आणि अरुंद रूळही रुंद वाटू लागतो.

कोथरूडचं गाव

महाराष्ट्रात या छंदाचं नाव निघालं की बोट पुण्याकडे जातं. कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याजवळ जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. दिवंगत भाऊ जोशी, म्हणजे बाळकृष्ण शंकर जोशी, यांनी ते उभारलं आणि १ एप्रिल १९९८ला ते लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी जोशी आपला पसारा प्रदर्शनांतून मांडत. प्रत्येक वेळी तारा सोडवा, रूळ उचला, नव्या जागी जोडा. या उठाठेवीत मांडणीचा जीव जातो हे ज्याने एकदा केलंय त्याला सांगावं लागत नाही. म्हणून त्यांनी एका जागी कायमचं गावच वसवलं. त्यात वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत गाड्या आहेत. सिग्नल, कुंपणं, उड्डाणपूल, सर्कस आणि मोटारीत बसून सिनेमा बघण्याचं उघडं थिएटरही आहे. दिवे मंद होतात, निवेदन सुरू होतं आणि गावात रात्र पडते.

तिथे मुलं गाड्या बघतात. मी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून नियंत्रणाचं टेबल बघू लागलो. जुन्या पद्धतीत रुळात बारा व्होल्टपर्यंत वीज सोडतात आणि ती कमी-जास्त केली की रुळावरची गाडी हळू-जलद होते. एका तुकड्यावर दोन गाड्या आल्या तर दोन्ही एकदम पळणार, म्हणून तुकडे वेगळे करून प्रत्येकाला स्विच द्यावा लागतो. नव्वदच्या दशकात डीसीसी आलं. त्यात रुळात वीज कायम असते, हुकूम त्याच विजेतून जातो आणि इंजिनातला चिमुकला डीकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम ऐकतो. कोथरूडचं गाव वळणावळणाचं आहे, तिथे बघणाऱ्याला भरपूर गाड्या हव्यात. माझ्या चार डब्यांच्या फलाटाला दोन स्विच पुरतात.

सध्या टेबलावर

सध्या टेबलावर मोटरचा डबा आहे, अर्धा झालेला. अंग एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन शीटचं, खिडक्यांचे गज जळक्या ट्रान्सफॉर्मरमधून सोडवलेल्या तांब्याच्या तारेचे. खरी मेहनत दारांना लागते. परदेशी मॉडेलांत दारं बंद असतात, त्यामुळे आत काही केलं नाही तरी चालतं. आपली लोकल उघड्या दारांनी धावते. दार उघडं म्हटलं की आतली बाकडी, सामानाच्या जाळ्या, पार्टिशन, लटकत्या कड्या सगळं करणं आलं. २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल सुरू झाली. तिची दारं मिटतात. मॉडेल करणाऱ्यांना तिने प्रवाशांइतकाच दिलासा दिला असेल.

दुसरं काम विजेच्या खांबांचं, आणि तिथे साल ठरवावं लागलं. पश्चिम रेल्वेच्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या, फेब्रुवारी २०१२पर्यंत सगळा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. दाब वाढला तसे चिनी मातीचे इन्शुलेटर लांब झाले. पुढे फलाटांची उंचीही ९०० मिलिमीटरपर्यंत वाढवली, म्हणजे मॉडेलमध्ये दीड मिलिमीटरचा फरक. डिसेंबर २०१६मध्ये उत्तरेला राम मंदिर स्टेशन आलं, २०१८मध्ये हार्बरची गाडी अंधेरीवरून गोरेगावला जाऊ लागली. माझी जोगेश्वरी २००५च्या सुमाराची आहे. त्यामुळे खांबावरचा इन्शुलेटर आखूड, फलाट बुटका, आणि २००७पासून दिसू लागलेली पांढरी-जांभळी लोकल इथे येत नाही. एका खांबावर चुकून पुढच्या काळातला इन्शुलेटर लागला तर दहातल्या नऊ जणांना कळणार नाही. दहावा नेमका रेल्वेत नोकरीला असतो.

तिसरं काम सिग्नलचं. लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा, असे चार संकेत. पुढचे तुकडे मोकळे होतील तसा तो एकेक पायरी वर चढायला हवा. दीड मिलिमीटरचे एलईडी, आर्डुइनो बोर्ड आणि रुळाखाली चुंबक ओळखणारे सेन्सर लॅमिंग्टन रोडवर मिळतात. स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरायचं, की पूर्वेला दुकानंच दुकानं.

गर्दीचं गणित

जोगेश्वरीचा फलाट माणसांशिवाय खरा वाटत नाही. एचओच्या माणसांसाठी जर्मनीची प्रायझर कंपनी जगात नावाजलेली, पण तिची माणसं ओव्हरकोट घालतात. त्यांना साडी नेसवायची तर टिश्यू पेपरची पट्टी पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून सुईच्या टोकाने निऱ्या पाडाव्या लागतात. बाई उभी अठरा मिलिमीटर, पदर तीन.

पण गर्दी जमत नाही. मुंबईच्या गर्दीच्या वेळेला रेल्वेने नाव दिलंय, ‘सुपर डेन्स क्रश लोड’: चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं. १:८७ मध्ये चौरस मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर बाजूचा चौकोन. त्यात मी दाटीवाटीने सात-आठ बाहुल्या उभ्या करतो आणि पुढे गोंदही आत जात नाही. शेवटी दाराशी उभ्या असलेल्यांची फक्त वरची अंगं चिकटवली आणि मागे काळा कागद लावला. मॉडेलची माणसं कडक असतात, ती आकसत नाहीत. लोकलमध्ये माणूस श्वास रोखून बाजूच्याला जागा करून देतो, ते प्लास्टिकला शिकवता येत नाही.

बार्शीची पाच टनांची गाडी

ब्रॉडगेजचा असा जाच झाला की मी बार्शीकडे वळतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ला सुरू झाली. गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, म्हणून रूळ हलके आणि खर्च कमी. तरी चाकांवरची रचना अशी की मालाचे वॅगन एकाच पंचवीस फुटी सांगाड्यावर बांधता आले. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, वारकरी आणि कापूस वाहत राहिली. १९५४मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि अलीकडे तिचा ब्रॉडगेज झाला.

मॉडेल करणाऱ्याला तिचं अप्रूप वेगळंच. बाजारातला एन स्केलचा रूळ ९ मिलिमीटरचा. नवाला ८७ ने गुणा, ७८३. बार्शीपेक्षा फक्त २१ मिलिमीटर जास्त! ब्रॉडगेजमध्ये हीच तफावत २४१ची होती. मुंबईच्या लोकलला न मिळालेला रूळ बार्शीच्या गाडीला तयार मिळतो. पंचवीस फुटी वॅगनही हातभर लागत नाही, ८८ मिलिमीटरचा होतो. टेबलाच्या कडेला असे तीन सांगाडे वाट बघत पडलेत.

शेजारची मुलं येतात, पहिला प्रश्न ठरलेला: "काका, चालते का?" चालते. पण चालवणं हा या छंदाचा लहान भाग आहे. बार्शीचे डबे आता धावत नाहीत, एकेका लोकलचाही सांगाडा ठरल्या वयानंतर भंगारात जातो, आणि त्याबरोबर दाराची रुंदी, कडीचा कोन, गजांमधलं अंतर हेही जातं. तुम्हाला हा छंद लावून घ्यायचा असेल तर इंजिन विकत घेऊ नका. आधी फलाटावर उभ्या गाडीचा एक दरवाजा नीट मोजा आणि वहीत लिहून ठेवा. रुळावर उतरू नका, तो गुन्हा आहे आणि सगळी मापं फलाटावरूनच मिळतात. त्या एका दरवाजातून पुढचा अख्खा डबा निघतो.