लवण विद्राव, नीलेतून द्यावयाचा

शरीरातील पाणी व लवणे यांची तूट भरून काढण्यासाठी नीलेत (शिरेत) सोडण्यात येणारा मिठाचा निर्जंतुक विद्राव. व्यवहारात यास ‘सलाइन’ म्हणतात. सामान्य लवण विद्रावाच्या १ लिटरमध्ये ९ ग्रॅ. सोडियम क्लोराइड असते. या प्रमाणामुळे त्याचा तर्षण दाब रक्तद्रवाच्या दाबाशी जवळजवळ जुळतो. नुसते ऊर्ध्वपातित पाणी नीलेत गेल्यास रक्तातील तांबड्या कोशिका फुगून फुटतात. टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे पटकीच्या रोग्यांना असे लवणयुक्त पाणी नीलेतून दिले होते.

‘सामान्य’ हे विशेषण काहीसे फसवेच आहे. या विद्रावातील क्लोराइड रक्तद्रवातल्यापेक्षा सुमारे दीडपट असल्याने तो फार दिल्यास रक्ताची अम्लता वाढते. हृदय वा मूत्रपिंडे दुर्बल असल्यास फुप्फुसांत पाणी साठते.

अशक्तपणावर सलाइन लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रूढ आहे. वस्तुतः त्यात पोषणमूल्य नसते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत चहाचा चमचाभर मीठही नसते. सुई निर्जंतुक नसल्यास संसर्ग मात्र होतो. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पातील प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी अतिसार झालेल्या मुलांना मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास मातांना शिकविले. रोगी शुद्धीवर नसल्यास, वांत्या थांबत नसल्यास किंवा तीव्र निर्जलीभवन झाल्यास मात्र नीलेतूनच विद्राव द्यावा लागतो व विलंब जिवावर बेततो. पटकीत त्यासाठी रिंगर-लॅक्टेट विद्राव अधिक पसंत करतात. कारण त्यात पोटॅशियम असते व लॅक्टेटामुळे अम्लता कमी होते.