खारट शेवाळातली साखर

चरकातून उसाचा रस निघतो आणि चिपाड उरतं. रस ठेवायचा, चिपाड जाळायचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कप्पाफायकस हे लाल समुद्री शेवाळ पिळलं, तेव्हा हिशेब उलटा झाला. पोटॅशने भरलेला रस पिकांच्या खताला गेला. साखर होती ती चोथ्यात.

तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बचतगटातल्या बायका बांबूच्या तराफ्यांवर ताणलेल्या दोरांना या शेवाळाचे तुकडे बांधतात. साधारण ४५ दिवसांत काढणी. ना जमीन लागते, ना गोडं पाणी. उसाच्या पाण्यावरून होणारे तंटे पाहिलेल्या मराठी माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

चोथ्याचे वाळलेले दाणे चाखले तर गोड लागत नाहीत. साखर असते कॅरॅगिननच्या लांबलचक साखळ्यांत अडकलेली. आइस्क्रीमला दाटपणा देणारं कॅरॅगिनन ते हेच. दाणे विरल गंधकाम्लात १०० अंशांवर तापवले की साखळ्या तुटतात आणि बुळबुळीत लगदा पातळ होतो. इथे आचेचं भान हवं. ताप जास्त झाला तर सुटलेली साखरच मोडते आणि पुढे साखरेचं इंधनासाठी इथेनॉल करणाऱ्या यीस्टला घातक अशी संयुगं तयार होतात. पहिल्या खेपेचा द्रव फिका असतो, म्हणून तोच पुन्हा नव्या दाण्यांवर घालतात. २०१२च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २५० ग्रॅमच्या खेपेत २६.२ टक्के साखर सुटली, १६ किलोच्या खेपेत ३०.६ टक्के. खेप मोठी झाल्यावरही उतारा घटला नाही, ही मोठी गोष्ट.

मग चुना. साखर कारखान्यात ज्याने रस निवळतो तोच; इथे तो आम्ल मारतो आणि जिप्सम खाली बसतं.

तरीही द्रव खारटच, आणि मीठ यीस्टला सोसत नाही. खरी कसोटी इथे आहे. विजेच्या दाबाने पडद्यांतून क्षार ओढून घेणारी इलेक्ट्रोडायलिसिसची रीत या संस्थेच्या हातची; खारं पाणी गोडं करायला वापरलेली तीच रीत साखरेच्या कामी आली.

त्यानंतर आलं यीस्ट, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातलं, क्रमांक ३५२३. ग्लुकोजवर ते सहज तुटून पडतं, पण इथे ताटात मुख्यतः गॅलॅक्टोज. तेही त्याने पचवलं आणि साखरेतून निघू शकणाऱ्या इथेनॉलपैकी सुमारे ८० टक्के हाती आलं.

अडचण बाजारात आहे. कॅरॅगिननला चांगला भाव असताना ते मोडून इंधन करणं परवडणं कठीण. त्यापेक्षा कॅरॅगिनन काढल्यावर कारखान्यात उरणाऱ्या सेल्युलोजच्या गाळाकडे आधी पाहायला हवं. त्यातून सुटतं ते ग्लुकोज, यीस्टच्या आवडीचं.