पुठ्ठ्याची गुहा, मातीचा गड

१९७४ साली अमेरिकेतल्या ‘मेगो’ या खेळणी कंपनीने बॅटमॅनला घर दिलं. कंपनीचे सुपरहिरो आठ इंच उंचीचे, अंगात शिवलेले कापडी कपडे घातलेले. आणि त्यांच्यासाठी ही घडीची गुहा. आत जाड पुठ्ठा, वरून छापील व्हिनाइल. मिटली की पेटीसारखी उचलून नेता यायची. मागोमाग ‘हॉल ऑफ जस्टिस’ आला, मग अनेक मजल्यांचं ‘वेन फाउंडेशन’. पण सांध्यावर व्हिनाइल चिरतं, आत दमट हवा शिरली की पुठ्ठा फुगतो. त्यामुळे धडधाकट उरलेल्या गुहा आज थोड्या आहेत आणि महाग आहेत.

१९८२ मध्ये मेगोने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर होते. लोअर परळच्या चाळींत तेव्हा परदेशी खेळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही इथली पोरं दर दिवाळीला आपल्या वीरांसाठी मातीचा गड उभारत होती, तोही पुठ्ठ्याविना.

बाजारातल्या गुहा संपल्या तेव्हा जगभरातल्या संग्राहकांनी त्या स्वतः बांधायला घेतल्या. जुन्या कॅटलॉगमधले फोटो पाहून नकाशा काढायचा, फोमबोर्ड किंवा एमडीएफ कापायचं, भिंतींवर छापील चित्रं चिकटवायची. सगळं काम मापावर चालतं. सहा फुटांचा माणूस आठ इंचांत बसवला की प्रमाण एकास नऊ होतं, म्हणजे सात फुटी दरवाजा साधारण सव्वानऊ इंचांचा. पावणेचार इंची ‘जी. आय. जो’साठी तेच प्रमाण जवळपास एकास अठरा धरतात आणि दरवाजा साडेचार-पावणेपाच इंचांवर येतो. या हिशेबाने ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली मेगोच्या बॅटमॅनसाठी बांधायची तर दोन चौरस फूट फळी पुरते. मोरी, माळा, पलंग सगळं त्यात मावतं. कोणी तरी ती खरंच बांधायला हवी. बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या गच्च्यांपेक्षा ती खोली मुंबईकर संग्राहकाच्या जास्त ओळखीची आहे.

मातीच्या गडावर मात्र मापाची ही शिस्त चालत नाही. सिंहासनावरचे शिवाजी महाराज सर्वांत मोठे, मावळे त्यांच्या निम्मे, गुहेतला वाघ बुरुजाएवढा, आणि पायथ्याच्या रस्त्यावर प्लास्टिकची जीप. बघणाऱ्याची नजर आधी महाराजांवर जावी म्हणून मूर्ती मोठी, इतका हा साधा आणि पक्का विचार आहे. बांधणीही तशीच पक्की. विटा-दगडांचा ढीग रचायचा, चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर पसरायचं, ते डोंगराच्या घड्या घेऊन बसलं की वरून मातीचा हात फिरवायचा. पायऱ्या पट्टीने दाबून काढायच्या. उतारावर अळीव टाकायचा. चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. कारंजं हवं असेल तर वर पाण्याचा डबा लपवून सलाइनची नळी मातीखालून न्यायची. कॅटलॉगची जागा इथे खरा गड घेतो. राजगड करायचा तर बालेकिल्ला मधोमध आणि सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तीन माच्या तीन बाजूंना हव्यात. सिंधुदुर्ग असेल तर भोवती पाणी हवं. हे दोन्ही गड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत आहेत. अनेक मुलांनी मात्र माच्या आधी चिखलात पाहिल्या, सह्याद्रीत नंतर.

दरम्यान परदेशी वीरही इथे पोचले. ‘लिओ’ या खेळणी कंपनीने अमेरिकेतल्या मॅटेलच्या परवान्याने ही-मॅन काढला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलने ‘जी. आय. जो’ काढले, त्यांच्या वेगळ्या रंगसंगतीमुळे परदेशातले संग्राहक आज ते आवर्जून शोधतात. २०१० मध्ये ‘हॅम्लेज’ हे खेळण्यांचं दुकान उघडलं तेही लोअर परळात, फिनिक्स मिलच्या जागेवर.

इथे एक उलटी चाल दिसते. तिकडे कारखान्यात तयार झालेली गुहा आता हौशी लोक हाताने घडवू लागले आहेत. इकडे हाताने घडणारा गड प्लास्टरचा होऊन दिवाळीच्या बाजारात तयार मिळू लागला आहे. तो विकणाऱ्याला दोष देता येणार नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आणि ते हक्काचं आहे. अडचण एवढीच, की टॉवरच्या पोडियमवर फरशी असते, उकरायला माती नसते. तयार गडावर मुलांच्या वाट्याला फक्त मावळे मांडणं येतं; बुरूज ढासळणं, नळी तुंबणं, वाट कुठून काढायची यावरून भांडणं, हा खेळाचा मोठा भाग आधीच कोणी तरी उरकलेला असतो.

यावरचा उपाय संग्राहकांच्याच कामात सापडतो, कारण त्यांचा सगळा पसारा टेबलावर चालतो. तीन फूट बाय दोन फूट प्लायवूड, कडेला दोन इंची पट्ट्या, तळाला प्लास्टिकचा कागद, आतून विटांऐवजी खोके आणि वर्तमानपत्राचे बोळे म्हणजे वजन आवाक्यात राहतं. वर गोणपाट आणि रोपवाटिकेतून आणलेली एक पोतं माती. लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत हा गड मावतो. वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर अळीव चार-पाच दिवस आधी पेरावा लागेल.