उपकरणांची आवक-जावक आणि संगणकातील वार्ताव्यवहार

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील भाताच्या व्यापाराचे गाव. अशा बाजारपेठेच्या गावी कागदपत्रांच्या छापील प्रती काढून देणारी लहान दुकाने असतातच. गिऱ्हाईक खिशातून पेनड्राइव्ह काढते, दुकानदार तो संगणकास जोडतो आणि क्षणार्धात पडद्यावर त्याचे चिन्ह उमटते. चिन्ह दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला कोणीही काही सांगितलेले नसते. मग नवे उपकरण आल्याचे त्यास कळते कसे?

एक मार्ग म्हणजे प्रोग्रॅमने वारंवार विचारीत राहणे. पत्राची वाट पाहणाऱ्याने दर घटकेस दारापर्यंत जाऊन यावे, तसा हा प्रकार होय. त्यात श्रम व्यर्थ जातात आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात काही घडल्यास ते निसटण्याचा संभव राहतो. म्हणून आजच्या व्यवस्थेत वार्ता खालून वर येते. 1996 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या यूएसबी मानकात उपकरणातील दीड किलोओहमचा एक रोध तारेवरील विद्युद्दाब उंचावतो व त्यावरून जोडणी झाल्याचे उमगते. त्यानंतर उपकरणास त्याची ओळख विचारली जाते. ते आपल्या निर्मात्याचा व आपल्या प्रकाराचा असे दोन क्रमांक सांगते.

ही ओळख प्रथम कार्यकारी प्रणालीच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या, गाभ्यास कळते. लिनक्समध्ये हा गाभा ‘आले’, ‘गेले’, ‘बदलले’ अशा मोजक्या क्रियांत ती घटना जाहीर करतो. ह्या घोषणेचे स्वरूप गावातील दवंडीसारखे आहे. ती कोणा एकाला उद्देशून नसते. जो कान देऊन असेल त्याने ऐकावी. 2003 पासून वापरात आलेला ‘यूडेव्ह’ हा प्रोग्रॅम ती ऐकतो, उपकरणास नाव देतो आणि इतरांस पुन्हा ऐकवितो. पडद्यावरील प्रोग्रॅमपर्यंत ती बहुधा ‘डी-बस’ ह्या निरोपमार्गाने पोहोचते.

दवंडीचा एक दोष येथेही आढळतो. ती पिटून झाल्यावर गावात आलेल्या मनुष्यास काहीच कळत नाही. म्हणून नव्याने सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमने आधीपासून जोडलेल्या उपकरणांची यादी मागून घ्यावी लागते. ह्यात क्रमास महत्त्व आहे. आधी यादी घेतली व मागाहून कान दिला, तर मधल्या क्षणी आलेले उपकरण यादीतही नसते आणि वार्तेतही नसते. आधी कान द्यावा व मग यादी घ्यावी, हाच योग्य क्रम. तसे केल्याने एखादे उपकरण दोनदा कळेल. पण दोनदा कळलेले एकदा मोजता येते, मुळीच न कळलेले मोजता येत नाही.

येथवर आगमनाचा विचार झाला. आगमनाची वार्ता मागाहून मिळाली तरी चालते. निर्गमनाचे तसे नाही. घोटी ज्या लोहमार्गावर आहे, त्या रेल्वेच्या व्यवहारात हा भेद स्पष्ट दिसतो. ‘ॲब्सोल्यूट ब्लॉक’ पद्धतीत पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावाचून मागील स्थानकास गाडी सोडता येत नाही आणि गाडी संपूर्ण पोहोचल्यावर पुढील स्थानक तसे कळविते. पहिली पृच्छा, दुसरी वार्ता. पृच्छेस नकार देता येतो. वार्तेस देता येत नाही, कारण ती घडून गेलेलेच सांगते.

विंडोजमध्ये हे दोन्ही प्रकार वेगळे ठेवलेले आहेत. उपकरण काढण्याची परवानगी रीतसर मागितली, तर ते वापरणाऱ्या नोंदणीकृत प्रोग्रॅमांना प्रथम ‘काढावे काय?’ असे विचारले जाते. एखादा प्रोग्रॅम त्यावर काही लिहीत असेल, तर तो नकार देऊ शकतो. उलट, उपकरण एकदम उपसले, तर पृच्छेस अवसरच राहत नाही. ‘उपकरण गेले’ एवढीच वार्ता उरते. तोवर संगणकाच्या स्मृतीत थांबलेला, उपकरणावर अद्याप न उतरलेला मजकूर नष्ट झालेला असतो. 2018 मध्ये विंडोज 10च्या 1809 ह्या आवृत्तीपासून मजकूर असा साठवून न ठेवण्याची रीत मूळ धरली गेली. त्यामुळे धोका घटला, पण लेखन चालू असतानाचा धोका कायमच आहे.

बस चुकेल म्हणून गिऱ्हाईक घाईने पेनड्राइव्ह उपसते आणि घरी पोहोचल्यावर सातबाऱ्याची फाइल उघडत नाही, ह्याचे मूळ येथे आहे. वार्तेची यंत्रणा कितीही तत्पर असली, तरी ती पृच्छेचे काम करू शकत नाही. ‘काढू का?’ हा प्रश्न मनुष्याने वेळेवर विचारला, तरच त्याचे उत्तर यंत्रास वेळेवर देता येते.